कवळीवाल्या बाईंचा सापळा

दात बसवणारे डॉक्टर वेगळे आणि दात बनवणारे वेगळे, हे बऱ्याच लोकांच्या गावी नसतं. बाई बनवणाऱ्यांपैकी. डॉक्टर लोक हिरड्यांचे प्लास्टरचे साचे पाठवायचे आणि बाई आपल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात, पुढच्या खोलीत बसून, मेण तापवून त्यात एकेक दात रोवत कवळी उभी करायच्या. हाताला चव होती त्यांच्या. ज्याच्या तोंडात त्यांची कवळी बसली तो माणूस हसताना हात आडवा धरायचं विसरून जायचा. इमारतीत त्यांना सगळे कवळीवाल्या बाई म्हणत, आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

दात मात्र विकत आणावे लागत. छोट्या पट्टीवर ओळीनं चिकटवलेले, पिवळसर, पांढरट, ज्याच्या त्याच्या वयाला शोभतील असे. पूर्वी बाई स्वतः जाऊन निवडून आणायच्या. पुढे गुडघे कुरकुरायला लागले आणि फोनवरून मागवायची सोय झाली, तेव्हा त्यांना वाटलं, चला, सुटलो. पण पार्सल आणणारा सदा घाईत. बाईंचं पॉलिशचं यंत्र चालू असलं की घंटा ऐकू यायची नाही. मग तो दारात खोका ठेवायचा, खोक्याचा फोटो काढायचा आणि पसार व्हायचा. बाईंच्या फोनवर फोटो यायचा : आपलंच दार, आपलंच पायपुसणं आणि त्यावर ऐटीत बसलेलं आपलं पार्सल. बाई हात पुसत दार उघडायच्या, तर पायपुसणं तेवढं जागेवर.

पहिल्यांदा एक टेबलदिवा गेला. बाईंनी चुकलं असेल कुठं म्हणून सोडून दिलं. मग एक गरम शाल गेली, नवऱ्यासाठी मागवलेली. आणि मग दातांचं पार्सल गेलं. तिथं मात्र बाईंचं डोकं फिरलं.

कारण ते दात पोस्टमनकाकांचे होते. काका जन्मभर दारोदार पत्रं वाटून निवृत्त झालेले, आणि त्यांची लेक कितीतरी वर्षांनी परदेशातून भेटायला येणार होती. काकांनी बाईंना बजावून सांगितलं होतं, "पोर यायच्या आत तोंड भरून द्या बुवा. तिनं मला असं बोळकं झालेलं पाहिलेलं नाही." बाईंनी शब्द दिला होता. पार्सल गेलं, दुसरं यायला उशीर झाला, आणि लेक आली तेव्हा काका तोंडाला रुमाल लावून स्टेशनवर उभे राहिले. हे त्यांनीच नंतर सांगितलं, हसत हसत, रागावले मुळीच नाहीत. ते रागावले असते तर बाईंना सोसलं असतं.

त्या दिवसापासून बाईंनी चोराचा ध्यासच घेतला. जिन्यातून कोण वर गेलं, कोण खाली आलं, हातात काय होतं, सगळीकडे कान टवकारलेले. दूध टाकणाऱ्यावर संशय घेऊन झाला, वरच्या पोरांवर घेऊन झाला. जिना झाडणाऱ्या बाईला तर त्यांनी एकदा पिशवी उघडून दाखवायला लावली. पिशवीत तिचा डबा होता आणि ओला टॉवेल. त्यानंतर बाईंच्या दारापुढचा तुकडा ती झाडेनाशी झाली.

नवरा छापखान्यात कामाला. मुळात शांत माणूस. तो म्हणाला, "अगं, पार्सलं छापखान्याच्या पत्त्यावर मागव. मी घेऊन येत जाईन."

"म्हणजे चोर मोकळाच?"

"असू दे की मोकळा. आपले दात तरी येतील."

पण बाईंना आता दात नको होते, चोर हवा होता.

सापळा त्यांनी मोठ्या निगुतीनं रचला. त्यांच्या धाकट्या भावानं मागे एक पाय चेपायचं यंत्र दिलं होतं. त्याचा खोका माळ्यावर पडून होता, गुळगुळीत, चकचकीत, वर यंत्राचं रंगीत चित्र आणि त्या यंत्रात पाय घालून सुखानं डोळे मिटलेली एक बाई. बघताच कुणालाही घ्यावासा वाटेल असा. बाईंनी त्यात वजनाला फुटक्या साच्यांचे प्लास्टरचे तुकडे भरले. स्वयंपाकघरातला दोन दिवसांचा कचरा, सालं आणि माशांची डोकी पिशवीत गच्च बांधून घातला. आणि सगळ्यात वर ठेवल्या आपल्या जुन्या निळ्या चपला.

त्या चपलांची इमारतभर ख्याती होती. एकीचा अंगठा तुटला होता, तो बाईंनी चांभाराकडे न जाता कवळीच्या गुलाबी प्लास्टिकनं जोडला होता. जिन्यात कुणी भेटलं की हमखास म्हणायचं, "बाई, चपलेला हिरडी फुटली की!" बाईही हसायच्या. आता त्या चपला त्यांनी पालथ्या ठेवल्या, तळ वर करून. चोरानं उघडलं की थेट तोंडावर.

"हे जरा जास्तच होतंय," नवरा म्हणाला.

"चोरी करताना त्याला जास्त नाही वाटलं?"

चिकटपट्टी लावून, पत्ता चिकटवून त्यांनी खोका दारात ठेवला आणि पॉलिशचं यंत्र मुद्दाम चालू करून बसल्या. मधेच डॉक्टरांचा फोन आला, कुठल्याशा कवळीचा वरचा दात उंच झाला होता, त्यात त्या गुंतल्या. दार उघडलं तेव्हा खोका गेला होता. बाईंना इतका आनंद झाला की त्यांनी नवऱ्याला छापखान्यात फोन करून सांगितलं.

दुसऱ्या मजल्यावर, बरोबर बाईंच्या डोक्यावर, आजी राहायच्या. इमारतीतल्या सगळ्यांच्याच आजी. बाईंचा त्यांच्यावर विशेष जीव, कारण त्यांची कवळी बाईंनी बनवली होती आणि आजी ती येईल त्याला काढून दाखवायच्या. आजींना दोन मुलगे. थोरला शहराच्या पलीकडच्या टोकाला, मोठं घर, दारात गाडी. आजी राहायच्या ते धाकट्याकडे. म्हणजे खरं तर धाकट्या सुनेकडे, कारण मुलगा कामानिमित्त फिरतीवर असायचा. धाकटी एका शाळेच्या ऑफिसात काम करायची, दुपारी धावत घरी यायची, सासूच्या पायाला तेल चोळायची, औषधं द्यायची, आंघोळ घालायची. थोरली महिन्यातून एकदा यायची आणि येताना काहीतरी भारी वस्तू आणायची. मग आजी ती वस्तू आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत बसायच्या. "थोरलीनं आणलं हो. हात सढळ आहे तिचा."

दुसऱ्याच दिवशी आजींना ऐंशी वर्षं पूर्ण झाली, आणि धाकटीनं घरीच छोटा समारंभ ठेवला होता. बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला आग्रहाचं बोलावणं होतं.

खोली माणसांनी भरून गेली होती. खुर्च्या कमी पडल्या म्हणून पलंग भिंतीला सरकवलेला, त्यावर पोरं ओळीनं बसलेली. खिडकीत टेबलावर केक. आजी मधोमध, नव्या कपड्यांत, कवळी लखलखीत. केक कापून झाला, चहा फिरला आणि मग भेटवस्तू निघाल्या. थोरलीनं सोन्याच्या नाजूक काड्यांचा चष्मा आणला होता. आजींनी तो लगेच डोळ्यांवर चढवला. सगळ्यांनी वा वा केलं.

"आता माझं उघडा, आई," धाकटी म्हणाली. आवाजात चोरटा उत्साह होता, लहान मुलाच्या आवाजात असतो तसा. तिनं रंगीत कागदात बांधलेला मोठा खोका सासूच्या पुढ्यात ठेवला. "किती दिवस पाय पाय करताय ना, म्हणून."

आजींनी कागद फाडू दिला नाही. पुन्हा कामाला येईल म्हणून हळूहळू एकेक पट्टी सोडवू लागल्या. कागद एका बाजूनं सुटला आणि आतून सुखानं डोळे मिटलेली ती बाई दिसली.

कवळीवाल्या बाईंना आधी वाटलं, असाच दुसरा असेल. असे खोके काय एकच असतात? पण कागद पूर्ण निघाला, तर पत्ता होता तिथं खरवडल्याची खूण, आणि खोक्याच्या कोपऱ्यावर मेणाचा लाल थेंब. त्यांच्याच टेबलावरचं मेण.

खोक्याचं तोंड उघडायला अजून वेळ होता. पुढं होऊन "आजी, हे नंतर बघा, आधी गाणं होऊन जाऊ दे" एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. बाईंना हे त्या वेळीही कळत होतं. पण त्यांच्या अंगातून एक गरम लाट गेली, सापडली, सापडली म्हणणारी. पोस्टमनकाकांचा रुमाल डोळ्यांपुढं आला. बाईंनी धाकटीकडे पाहिलं. धाकटी सासूकडे पाहत नव्हती, ती थोरलीकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की जणू आज पहिल्यांदाच तिला बसायला पाट मिळाला होता. नवऱ्यानं बाईंचा दंड धरला. त्यानंही ओळखलं होतं.

"अगं, थांबव," तो पुटपुटला.

बाईंनी काही थांबवलं नाही, त्या स्वतःच तेवढ्या थांबल्या. मूग गिळून बसल्या.

थोरल्या मुलानं खिशातल्या किल्लीनं चिकटपट्टी चिरली. झाकण उघडलं आणि भपकारा सुटला. पलंगावरच्या पोरांनी नाकं धरली. आजींनी नव्या चष्म्यातून आत पाहिलं, हात घातला आणि एक चप्पल बाहेर काढली. तळ वर असलेली, तुटक्या अंगठ्याची, गुलाबी जोडाची.

पोरं पलंगावरून वाकून बघू लागली. मग थोरली हसली. अगदी बारीक, पण खोलीभर ऐकू गेलं.

"काय गं हे?" समारंभासाठी फिरतीवरून आलेल्या धाकट्या मुलाचा आवाज चिरकला. "कुठून मागवलंस? फसवलं की तुला!"

"ऑनलाइनवाले असेच," थोरला म्हणाला. त्यानं लगेच फोन काढला. "तक्रार करू. पैसे परत देतील, देणार नाहीत तर जातील कुठे! ऑर्डरचा नंबर सांग."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "नंबर… सापडेल नंतर."

"फोनमध्येच असतो. दे इकडे, मी काढतो."

तिनं फोन छातीशी धरला. तिची नजर चपलेवर गेली, तिथून उठली आणि सरळ कवळीवाल्या बाईंवर येऊन थांबली. ती नजर चोराची नव्हती. चारचौघांत कुणी अंगावरचं वस्त्र ओढावं आणि ओढणाऱ्याचा चेहरा ओळखीचा निघावा, तशी होती.

आणि तेव्हा, फार उशिरा, बाईंना तिला वाचवावंसं वाटलं.

"अहो, तो खोका माझा आहे," त्या एकदम बोलून गेल्या. "म्हणजे… मी फेकायला ठेवला होता. दारात. कचराच होता. चुकून हिच्या खोक्यात… म्हणजे हिला वाटलं असेल…"

शब्द तोंडातून बाहेर पडले आणि त्यांचा अर्थ बाईंना सगळ्यांबरोबरच कळला.

"म्हणजे कचऱ्यातून उचललेला खोका?" थोरली सावकाश म्हणाली. "आईंना? ऐंशीव्या वाढदिवसाला?"

धाकटी उठली आणि आत गेली. दाराची कडी लागल्याचा आवाज आला. आजी चप्पल हातात धरून बसल्या होत्या. त्यांनी अंगठ्याच्या गुलाबी जोडावरून एकदा बोट फिरवलं, चप्पल परत खोक्यात ठेवली, झाकण लावलं.

"पुरे," त्या म्हणाल्या. "पोरांना अजून केक द्या."

जिना उतरताना बाईंना धड पायऱ्या दिसत नव्हत्या. घरात शिरल्यावर नवऱ्यानं बूट काढले, जागेवर ठेवले आणि म्हणाला, "सापडला चोर?" जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणूस म्हणतो. बाई त्या रात्री ते खरोखर मागत होत्या.

सकाळी आजींना न्यायला थोरलीची गाडी आली. पुढच्या खोलीत मेण तापवत बसलेल्या बाईंना जिन्यातलं सगळं ऐकू येत होतं. पेट्या उतरत होत्या. "कचऱ्यातलं उचलून भेट देतात, आईंना खायला काय घालत असतील देव जाणे," थोरली कुणाला तरी फोनवर सांगत होती. आजींची काठी बाईंच्या दारापर्यंत आली, क्षणभर थांबली, आणि पुढं गेली. बाई दार उघडू शकल्या नाहीत. मेण जळून त्याचा धूर झाला, तेव्हा भानावर आल्या.

दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले. मग वर गेल्या. धाकटीनं दार उघडलं, पण साखळी काढली नाही.

"मला बोलायचं होतं," बाई म्हणाल्या.

"काय राहिलंय बोलायचं, ताई?"

बाई मनात जुळवलेलं सगळं विसरल्या. धाकटीच मग बोलली, फटीतून, खालच्या आवाजात. "पहिलं पार्सल चुकून आमच्या दारात टाकलं होतं त्यानं. दिव्याचं. मी उघडलं, नंतर पत्ता वाचला. तुम्हाला द्यायला जिन्यापर्यंत आले होते. तेवढ्यात आई म्हणाल्या, किती छान दिवा, तू आणलास? मला आजवर कधी असं विचारलं नव्हतं त्यांनी. मी हो म्हटलं." ती थांबली. "मग पुढचं तुमच्या दारातून उचलताना मला वाटलं होतं हात थरथरेल. थरथरला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली."

"अगं, मी ओळखला होता खोका. उघडायच्या आधी," बाई म्हणाल्या. हे सांगायला त्या आल्या नव्हत्या, पण हेच तोंडातून निघालं. "मी थांबवू शकले असते."

"मला माहीत आहे. तुमच्या यजमानांनी तुमचा दंड धरलेला मी पाहिला."

ती आत गेली आणि परत आली. फटीतून तिनं एक पुडी बाहेर दिली. आत दातांच्या पट्ट्या होत्या, एकही दात न हललेल्या. "हे उघडलं तेव्हा मी किंचाळलेच होते," ती म्हणाली. हसू येण्यासारखी गोष्ट होती, पण दोघींपैकी कुणाला ते जमलं नाही. दार लागलं.

मग बाई शहराच्या त्या टोकाला गेल्या. थोरलीचं घर ऐसपैस, जिकडे तिकडे काच. आजींना स्वतंत्र खोली होती, खिडकीतून बाग दिसायची. आजी पलंगाच्या काठावर बसल्या होत्या, पाहुण्यासारख्या. कवळी वाटीत काढून ठेवलेली. बाईंना पाहून त्यांनी ती तोंडात घातली नाही.

बाईंनी दार लोटून घेतलं आणि सगळं सांगितलं. स्वतःचं आधी सांगितलं. कचरा कसा भरला, चपला पालथ्या कशा ठेवल्या, खोका ओळखूनही कशा गप्प बसल्या. जिना झाडणाऱ्या बाईची पिशवी तपासल्याचंही सांगितलं, कारण आता थांबता येत नव्हतं. धाकटीचं सांगताना मात्र त्या अडखळल्या.

"ते मला कळलं," आजी म्हणाल्या. दात नसल्यानं शब्द मऊ होऊन येत होते. "तुझी चप्पल होती. तुझी चप्पल तिच्या खोक्यात कशी गेली, हे समजायला काय शाळेत जावं लागतं?"

"मग तुम्ही इथं का आलात, आजी? ती तिकडे…"

"तिच्याकडे बघवत नव्हतं म्हणून आले." आजींनी वाटी उगाच जरा सरकवली. "ती माझं हगणं-मुतणं काढते गं. आणि मी चष्मे दाखवत बसते लोकांना. त्या दोघींना तराजूत मीच बसवलं. तू काय एक खोका ठेवलास तेवढाच. मला लाज वाटते, तर मी इथं येऊन बसले. आता ही थोरली कौतुक करते माझं, आणि मला रात्रीची लघवीला उठायची सोय नाही. कुणाला हाक मारायची कळत नाही."

बाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. त्यांना वाटलं होतं, आजी रागावतील किंवा माफ करतील. दोन्ही झालं नाही.

"तिला सांग, मला न्यायला ये," आजी म्हणाल्या. "मुलाला नको पाठवू म्हणावं. तूच ये."

निरोप सांगायला बाई पुन्हा वर गेल्या. धाकटीनं ऐकून घेतलं. "मी कुठल्या तोंडानं जाऊ?" एवढंच म्हणाली. बाईंना स्वतःलाच पोस्टमनकाकांसमोर, झाडणाऱ्या बाईसमोर कुठल्या तोंडानं उभं राहायचं कळत नव्हतं. झाडणाऱ्या बाईची तर त्यांनी माफी मागून पाहिली होती. ती "असू दे" म्हणाली होती आणि खालच्या मजल्यावर निघून गेली होती.

पण रविवारी दुपारी रिक्षाचा आवाज आला. बाईंनी खिडकीतून पाहिलं. धाकटी आजींना हाताला धरून उतरवत होती. ती गेली होती. थोरलीनं तिला तिथं काय ऐकवलं असेल, याचा अंदाज तिच्या सुजलेल्या डोळ्यांवरून येत होता. तिचा नवरा फिरतीवर होता. दोन जिने, आजींचे पाय सुजलेले, आणि धाकटी एकटी.

या वेळी मात्र बाईंनी वाट पाहिली नाही. घरातली लाकडी खुर्ची उचलून त्या खाली गेल्या.

"आजींना यात बसवू," त्या म्हणाल्या, आजींकडे बघत. धाकटीकडे बघायचा धीर झाला नाही. "दोघी मिळून नेऊ."

धाकटीनं खुर्चीचा एका बाजूचा पाय धरला. बाईंनी दुसरा. आजी भारी नव्हत्या, पण जिना अरुंद होता आणि दोघींची पावलं जुळत नव्हती. एक चढली की दुसरी थांबायची.

"अगं, मला काय वर नेताय की झुलवताय?" आजी ओरडल्या. "जरा एकमेकींकडे बघून पावलं टाका."

बाईंच्या दारापाशी दोघी दम खायला थांबल्या. खुर्ची त्यांनी तिथल्या पायपुसण्यावर टेकवली. खुर्चीच्या पाठीवर दोघींचे हात शेजारी शेजारी होते. बाईंच्या बोटांना मेणाचा वास, धाकटीच्या हाताला तेलाचा. कुणी हात काढून घेतला नाही. बाईंनी मान वर करून पाहिलं, तर धाकटी त्यांच्याकडेच बघत होती. बाईंना नजर पुन्हा खाली घालावीशी वाटली, फार वाटली. त्यांनी ती घातली नाही.

"उचलू?" धाकटीनं विचारलं.

"उचल," बाई म्हणाल्या.